कुणाचा हात लागलाय याला?

इंजिन उघडलं की आमचे मिस्त्री आधी दोन पावलं मागे सरायचे. फडक्याला हात पुसायचे, त्याच फडक्याने मानेवरचा घाम पुसायचे, आणि मग कमरेवर हात ठेवून विचारायचे, "कुणाचा हात लागलाय याला?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना नको असायचं. गाडीचा मालक ओशाळून "ते साकीनाक्याला एक आहेत ना..." असं सुरू करायचा, तर मिस्त्री लगेच पंजा वर करायचे. "नाव नको सांगू. नाव ऐकलं तर आंघोळ करावी लागेल."

मग आमच्या गाळ्यांच्या मधल्या पत्र्यावर पान्याने टकटक व्हायची. "ताई, ये गं. मशीन बंद कर नि ये. असलं परत बघायला मिळायचं नाही."

आणि मी जायची. माझं पिको-फॉलचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून, अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत. मला मोटरसायकलचं ओ की ठो कळत नाही. पण मिस्त्री शिव्या घालायला लागले की ऐकायला मजा यायची, हे खोटं कशाला बोलू? शेजारचा चहावाला यायचा, समोरचा झेरॉक्सवाला यायचा. दुपारची आमची तेवढीच करमणूक.

तुम्हीही बघितलं असेल, प्रत्येक धंद्यातला माणूस आधीच्या माणसाला शिव्या घालूनच कामाला हात घालतो. प्लंबर नळ उघडून डोक्याला हात लावतो. वायरमन "हे कुणी केलंय?" म्हणून जिभेने च्यक् करतो. नवी सून मिसळणाचा डबा उघडून ज्या नजरेने बघते, तीही तीच नजर. मी स्वतः दुसऱ्याकडे शिवलेला ब्लाउज हातात आला की आधी काखेतली शिलाई उलटून बघते आणि नाक मुरडते. त्याशिवाय गिऱ्हाइकाला आपली किंमत कळत नाही, असं आपल्याला वाटतं.

मिस्त्री मात्र या कलेतले पट्टीचे. एकदा एक जण गळकी टाकी घेऊन आला. आधीच्या कुणीतरी भेगेवर कपड्याच्या साबणाची वडी घासून ती बुजवली होती. मिस्त्रींनी टाकी उचलून वास घेतला आणि म्हणाले, "आंघोळ घातलीय गाडीला. टॉवेल द्यायचा तेवढा राहिला." दुसऱ्या एका स्कूटरच्या पोटात, चक्र दांड्यावर पक्कं धरणाऱ्या लोखंडी चावीच्या जागी साधा खिळा निघाला. तो खिळा त्यांनी बशीत ठेवला, हळद वाहिल्यासारखी वर ग्रीसची टिकली लावली आणि सगळ्यांना दाखवला. "घ्या, दर्शन घ्या."

असल्या वस्तू ते टाकून देत नसत. गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी एक फळी ठोकली होती. तिच्यावर तो खिळा, तारेने बांधलेली क्लचची पट्टी, सायकलच्या ट्यूबचं कापून केलेलं वॉशर, असा सगळा ऐवज मांडून ठेवलेला. नवं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला आधी फळीसमोर उभं करायचे. फळीला आम्ही लाजेची फळी म्हणायचो. नाव माझंच. तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

हे सगळं करताना मिस्त्री एक डोळा खुर्चीकडे ठेवायचे. त्या खुर्चीबद्दल सांगायलाच हवं.

स्कूटरच्या जुन्या सीटचा रेक्झिन लावलेली ती खुर्ची गॅरेजच्या आत, पंख्याखाली असायची. तिच्यावर दुपारी भाऊ येऊन बसायचे. भाऊ म्हणजे मिस्त्रींचे गुरू. मालवणकडचे. हे गॅरेज मुळात त्यांचं. मिस्त्री त्यांच्या हाताखाली पाने धुवायला लागले, तिथेच शिकले, तिथेच मोठे झाले, आणि भाऊंची नजर मोतीबिंदूने आणि नंतर आणखी कशाकशाने गेली तेव्हा गॅरेज मिस्त्रींकडे आलं. भाऊ मागच्याच चाळीत मुलीकडे राहायचे. काठी टेकत यायचे, उंबऱ्यावर थांबायचे आणि आत तोंड करून एकच विचारायचे, "जेवलंस काय रे मेल्या?"

मेल्याचे केस तोवर पिकायला लागलेले. चष्मा लागलेला. पण ते शब्द कानावर आले की मिस्त्री शाळेतल्या पोरासारखे "हो भाऊ" म्हणायचे आणि खुर्ची पुसायचे. भाऊ असेपर्यंत स्वतः कधी बसायचे नाहीत. जेवायला वेळ झाला नसला तरी "हो"च म्हणायचे, आणि भाऊंना ते आवाजावरून कळायचं. "खोटा बोलतंस. जा, जेव आदी."

भाऊ फार बोलत नसत. इंजिन चालू झालं की मान तिरकी करून ऐकायचे, आणि कधी "टॅपेट बघ रे" एवढंच म्हणायचे. पण मिस्त्रींच्या बोलण्यात सतत भाऊच. "भाऊंनी असलं काम बघितलं असतं तर पाना फेकून मारला असता." "भाऊंच्या हातची गाडी कधी परत आली नाही." भाऊ तिथेच बसलेले असायचे आणि मिस्त्री मात्र भाऊ देवघरात असल्यासारखं बोलायचे. एकदा मी म्हटलंही, "मिस्त्री, अहो, ते ऐकतायत." मिस्त्री म्हणाले, "ऐकायलाच बोलतो गं."

आता मला वाटतं, तो सगळा तमाशा, त्या शिव्या, ती फळी, हे सगळं त्या खुर्चीसाठीच होतं. भाऊ, बघा, मी कुठे पोचलो. तुमचं नाव राखलं.

त्या दिवशी वर्सोव्याहून एक कोळीण टेम्पोत घालून मोटरसायकल घेऊन आली. गाडी नवऱ्याची. तो पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला, पण गाडी विकायची म्हटलं की जेवण टाकायचा. जुनी, जड, एका सिलेंडरची, हवेवर थंड होणारी. त्या इंजिनाला पाण्याची भानगडच नसते. पट्ट्यापट्ट्यांच्या ॲल्युमिनियमच्या डब्यासारखं दिसतं ते. "घरघर घरघर करते आणि तेल ओकते," कोळीण म्हणाली. "ह्यांना बरं वाटेपर्यंत बरी करून दे. नाहीतर ते तिच्यासारखे गंजतील."

मिस्त्रींनी गाडी फुकट मिळाल्यासारखी कुरवाळली. असली गाडी आता वर्षात एखादीच यायची. सगळे प्लास्टिकच्या गाड्या घेऊन येतात, असं त्यांचं दुःख. त्यांनी दोन-तीन दिवस लावून इंजिन उतरवलं, आणि ज्या दुपारी त्याची क्रँककेस उघडली त्या दुपारी कोळीणही बघायला आलेली.

क्रँककेस म्हणजे इंजिनाचं खालचं पोट. दोन अर्धे भाग वाट्यांसारखे एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांच्यामध्ये फिरणारा जड भाग बेअरिंगवर बसलेला असतो. ते बेअरिंग ज्या गोल खोबणीत बसतं तिला मिस्त्री बैठक म्हणायचे. बैठक घट्ट हवी. ती झिजली की बेअरिंग आतल्या आत फिरायला लागतं आणि मग सगळंच खिळखिळं. हे मला कसं माहीत? त्यानंतर मिस्त्री जेव्हा जेव्हा माझ्याशी बोलले, तेव्हा याचंच बोलले.

उजव्या अर्ध्याची बैठक पार गेलेली होती. आणि तिच्या कडेने, आतल्या बाजूला, सेंटर पंचने, म्हणजे टोकदार छिन्नीने, ठोकलेले ठिपके होते. बैठक सैल झाली की काही मेकॅनिक असे ठिपके ठोकतात. धातू जरा वर येतो, बेअरिंग त्यात अडकून बसतं. ही मलमपट्टी. खरं काम म्हणजे बैठक लेथवर मोठी करून घ्यायची आणि तिच्यात घट्ट बुश, म्हणजे धातूची बांगडी, टाकायचा.

मिस्त्री दोन पावलं मागे सरले. हात पुसले. मान पुसली.

"कुणाचा हात लागलाय याला?"

पत्र्यावर टकटक झाली. मी गेले. चहावाला आला. झेरॉक्सवाला आला. मिस्त्रींनी तो अर्धा भाग दोन्ही हातांनी उंच धरला, सत्यनारायणाच्या प्रसादासारखा फिरवला. त्या दिवशी ते फॉर्मात होते. गाडी भारी, बघणारे जास्त, कोळीण तोंडात पदर धरून हसतेय, आणि खुर्चीत भाऊ.

"हे बघ ताई. ठिपके काढलेत. रांगोळी काढायची होती तर दारात काढायची ना, इंजिनात कशाला? हे काम नाही, ही चोरी आहे. गिऱ्हाईक घराच्या वळणावर पोचेपर्यंत टिकलं की झालं. अरे, असल्याच्या हातात पाना दिला कुणी? मी म्हणतो, ज्याने हा माणूस शिकवला त्याला आधी पकडा!"

आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. माझं हसणं मुळात मोठं आहे. आई म्हणायची, गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. त्या दिवशी ते खुर्चीपर्यंत तर नक्कीच गेलं.

भाऊ म्हणाले, "माका जरा दी बघू."

मिस्त्रींना वाटलं, आता भाऊही एक शिवी घालतील. त्यांनी मोठ्या उत्साहाने तो जड तुकडा भाऊंच्या मांडीवर ठेवला. भाऊंनी काठी बाजूला टेकवली. बैठकीच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकेक ठिपका चाचपत गेले. वरच्या बाजूला, जिथे तेलाचं बारीक भोक असतं, तिथे ठिपके नव्हते. तेवढी जागा कोरी सोडलेली. तिथे अंगठा थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून फिरला आणि पुन्हा तिथेच थांबला.

"होय," भाऊ म्हणाले. "हात माझोच."

पंखा फिरत होता. तुम्ही अशा ठिकाणी कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, हसलेलं तोंड परत सरळ करायला किती वेळ लागतो. माझे ओठ तसेच ताणलेले राहिले होते आणि त्यांचं काय करावं मला कळेना. मी ज्या भिंतीकडे बघितलं तिथे नेमकी फळी होती.

भाऊ गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? ते न दिसणारे डोळे, ती कित्येक वर्षांपूर्वीची गाडी. पण भाऊ गप्प बसले नाहीत. त्यांनी तो तुकडा मांडीवरून उचलून पुढे धरला. मिस्त्रींनी तो घेतला नाही. त्यांचे हात वरच आले नाहीत. शेवटी कोळणीने पुढे होऊन घेतला.

"भाऊ, चहा सांगितलाय," मिस्त्री म्हणाले. आवाज कसातरीच निघाला.

"नको," भाऊ म्हणाले. काठी घेतली आणि उठले.

रागावले नाहीत. काही लागट बोलले नाहीत. एखादी शिवी हासडली असती तर आम्ही सगळे सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. मिस्त्री रोज दुपारी खुर्ची पुसायचे. पत्र्यावरची टकटक बंद झाली. मी मशीन चालवत असायची आणि पलीकडून नुसता लोखंडाचा आवाज यायचा, माणसाचा नाही. एकदा मीच गेले तर मिस्त्री तो अर्धा भाग हातात घेऊन बसलेले.

"तेलाच्या भोकापाशी जागा सोडलीय बघ," ते म्हणाले. "धातू वर येऊन भोक बुजू नये म्हणून. मला भाऊंनीच शिकवलं होतं हे. कानफटात मारून शिकवलं होतं. चोर माणूस एवढी जागा सोडत बसेल का गं? मी बघितलंच नाही. तोंड चालू होतं ना. तोंड चालू असलं की डोळे बंद होतात माझे."

मी म्हटलं, "जाऊन पाया पडा."

"एकटा नाही जाणार," ते म्हणाले. "तू चल."

म्हणून मी गेले. खरं तर मलाही जायचं होतं, पण भाऊंना काय सांगणार? मी हसले त्याची माफी मागायला आलेय? ते मी दारापर्यंत घोकत गेले आणि दारात गिळून टाकलं. चाळीतली खोली, मुलगी ऑफिसला गेलेली, भाऊ पलंगावर बसून रेडिओ ऐकत होते. मिस्त्री उंबऱ्यावर थांबले. भाऊंनी पावलं ओळखली.

"येवा," ते म्हणाले. "बसा मिस्त्री. जेवलास?"

मालवणी न कळणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? चांगलं बोलावलं, बसा म्हटलं, जेवणाचं विचारलं. माझं माहेर कणकवलीकडचं. आमच्याकडे "जेवलंस" म्हणजे तू, आणि "जेवलास" म्हणजे तुम्ही. मला ते कानाखाली बसल्यासारखं ऐकू आलं. जन्मभर "जेवलंस काय रे मेल्या" म्हणणारा माणूस आज मान देऊन बोलत होता, पाव्हण्याशी बोलतात तसं. मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. बघवलं नसतं.

मिस्त्री खाली फरशीवर बसले. पायांना हात लावला. भाऊंनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. "धंदो बरो चलता?" असं विचारलं. पावसाचं विचारलं. माझ्या मुलीचं विचारलं. आम्ही चहा पिऊन आलो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मिस्त्री म्हणाले, "शिवी दिली असती तर बरं झालं असतं गं."

इकडे गाडी तशीच उघडी पडलेली. मिस्त्रींनी हट्टच धरला की तोच अर्धा भाग वाचवायचा. कोळीण फोनवर म्हणाली, "अरे, बदलून टाक ना, जुन्या बाजारात मिळत असेल." तेही खरं होतं. इंजिनाचा नंबर डाव्या अर्ध्यावर असतो, उजवा बदलला तर कागदपत्रांचं लचांडही नव्हतं. पण मिस्त्री ऐकेनात. त्यांना बुश टाकायचा होता. भाऊंनी जे काम अर्धं ठेवलं ते आपण पुरं केलं, एवढं तरी भाऊंना सांगता येईल, असं त्यांच्या मनात असणार. ते एका लेथवाल्याकडे गेले, तो नाही म्हणाला. मुलुंडला दुसऱ्याकडे गेले. त्याने भिंगातून बघितलं आणि बोट ठेवलं: बैठकीपासून बोल्टच्या भोकापर्यंत केसासारखी भेग गेली होती. भिंतही पातळ झालेली. बुश धरणार नाही.

"उशीर झाला, उस्ताद," तो म्हणाला. मिस्त्रींनी हे मला सांगितलं तेव्हा ते दोन शब्द दोनदा सांगितले.

मग दुसरा उजवा अर्धा भाग मिळवला. कुर्ल्याला, जुन्या सामानाच्या बाजारात. दोन वेगळ्या इंजिनांचे अर्धे नुसते जोडून चालत नाहीत. दोन्हींचे मध्य एका रेषेत यायला लागतात. मिस्त्रींनी ते बोल्टने जोडून लेथवर एकत्रच कोरून आणले, बेअरिंग गरम केसमध्ये बसवलं, सगळं जुळवलं. इतकं गप्प काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली आणि ठाय लयीत धडधडायला लागली. सगळी गल्ली बाहेर आली. मिस्त्रींनी सवयीने खुर्चीकडे बघितलं आणि गाडी बंद केली.

कोळीण गाडी न्यायला आली तेव्हा हातात पापलेटांची पिशवी. मिस्त्रींच्या समोर पिशवी ठेवली आणि जरा घुटमळली.

"मिस्त्री, एक सांगू काय? घरी जाऊन ह्यांना त्या दिवशीचं सांगितलं तर ह्यांनी माझ्यावरच तोंड टाकलं. म्हणाले, म्हाताऱ्याचा दोष नाही. तेव्हा सीझन सुरू होत होता, ह्यांना रोज बर्फ आणायला गाडी पाहिजे होती. म्हाताऱ्याने सांगितलं होतं, बैठक गेलीय, आठवडा लागेल. हे म्हणाले, उद्या पाहिजे. मग म्हातारा म्हणाला, आज ठोकून देतो, पण दोन महिन्यांनी परत आण, बुश टाकतो. हे गेलेच नाहीत. गाडी चालतेय तर खोलायची कशाला? दोन महिन्यांचं काम इतकी वर्षं चाललं बघ."

मिस्त्री ऐकत होते. तिचं बोलणं संपायच्या आत त्यांनी चप्पल पायात घातली. गॅरेज उघडंच टाकून चाळीकडे निघाले. मी शटरपाशी उभी राहून गॅरेज सांभाळलं आणि मनात म्हटलं, सुटले बाबा. आता भाऊंना सांगतील, भाऊंना आठवेल, सगळं मिटेल.

परत आले ते सावकाश आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माका काय आठवणा नाय." मिस्त्री भाऊंच्याच भाषेत बोलायला लागले, तसंच खालच्या आवाजात. "म्हणाले, गिराईक घाई करताच. घाई केली म्हणान काम वायट करूचा नसता. तुमी बोललास ता खराच, मिस्त्री. काम वायटच होता."

मी पापलेटांची पिशवी उचलली.

"मला ओरडले असते तर मी भांडलो असतो," मिस्त्री म्हणाले. "माफ केलं असतं तर रडलो असतो. ते म्हणतात, मी बोललो ते खरंच. आता मी काय करू, सांग."

मी पापलेटं फ्रीजमध्ये ठेवायला चहावाल्याकडे नेऊन दिली. माणसाला काही सुचलं नाही की असलं काहीतरी करतो.

पुढे भाऊंना मुलगी गावी घेऊन गेली, तिथे ते वारले. फोन आला त्या दिवशी मिस्त्रींनी शटर ओढलं आणि गावी गेले. परत आल्यावर माझ्या दुकानात आले, उभ्या उभ्या पाणी प्यायले. म्हणाले, "जायच्या आधी स्टेशनवर सोडायला गेलो होतो ना, तेव्हा पण म्हणाले, येतंय मिस्त्री, संभाळून रवा. शेवटपर्यंत मला अहो-जाहोच." मग ग्लास खाली ठेवला. "मला अरे म्हणणारं आता कोणी नाही गं ताई." एवढं बोलून ते कामाला गेले. मी हातातला फॉल तीनदा उलटा लावला.

फळीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. गावाहून आल्यावर मिस्त्रींनी एक दिवस फळी रिकामी केली. खिळा, तार, ट्यूबचं वॉशर, सगळं भंगारात. फळी मात्र काढली नाही. तिच्यावर मधोमध तो क्रँककेसचा उजवा अर्धा भाग ठेवला, ठिपके समोर येतील असा. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवलाय. हार घालतील, उदबत्ती लावतील.

तसं काही नव्हतं. काही दिवसांनी दुसऱ्या गॅरेजचा एक तरुण मेकॅनिक पाना मागायला आला. फळीकडे बघून हसला. "काय उस्ताद, हे काय? कुणी वाट लावली ह्याची?"

मिस्त्री कार्ब्युरेटर साफ करत होते. मान वर केली नाही. "मी," म्हणाले.

"तुम्ही?"

"घाई होती. माझंच काम."

तो पोरगा अवघडला, पाना घेऊन गेला. नंतर हे कितीदा तरी झालं. धंद्यातला कुणी आला की त्याची नजर तिथेच जायची. तशीच ती वस्तू ठेवलेली होती. कुणी हसायचा, कुणी टोमणा मारायचा, एकाने तर फोटोही काढला. मिस्त्री प्रत्येकाला तेच सांगायचे. माझंच काम. मी पत्र्याच्या पलीकडून ऐकायची आणि दर वेळी माझी कानशिलं तापायची. पहिल्या दिवशी हसले त्यापेक्षा हे ऐकणं कठीण होतं. शेवटी एकदा न राहवून म्हटलं, "मिस्त्री, पुरे झालं. आत ठेवा ते. तुमचं नाव जातंय उगाच."

"जाऊ दे," ते म्हणाले. "सगळ्या गल्लीसमोर एकाचं घालवलंय मी. ते परत आणता येत नाही. त्याच्या जागी दुसरं घालतो."

आणि बरं का, त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ते वाक्य कधी ऐकलं नाही. इंजिन उघडलं की मागे सरायचेच, हात पुसायचेच. ती सवय गेली नाही. पण मग नुसते बघत राहायचे, बराच वेळ. आत काय भयंकर असेल ते असो. मालक विचारायचा, "आधीच्याने वाट लावलीय ना?" मिस्त्री म्हणायचे, "त्याला काय अडचण होती ते आपल्याला काय माहीत?" माझं मात्र तसं नाही. परवाच एकीने दुसरीकडे शिवलेला ब्लाउज आणला, मी काखेतली शिलाई उलटली आणि "कुणी शि..." एवढं बोलून गेले. पुढचं चघळून टाकलं.

आमची गल्ली पुनर्विकासात गेली. मी नव्या इमारतीच्या कोपऱ्यात जागा मिळेपर्यंत घरीच मशीन लावलंय. मिस्त्रींना बोरिवलीच्या पुढे कुठेतरी गाळा मिळाला. त्यांचं सामान हलवलं त्या सकाळी मी चहा घेऊन गेले होते. टेम्पोत सगळं चढलं: पेट्या, पाने, वाइस, ती रेक्झिनची खुर्चीसुद्धा. शेवटी हमालाने फळीवरचा तो तुकडा उचलला, इकडून तिकडून फिरवून बघितला.

"ये भंगार में?" त्याने विचारलं. मग ठिपक्यांवर बोट ठेवून हसला. "किसने ठोका है?"

त्या रिकाम्या गाळ्यात आम्ही तिघंच होतो. खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. सांगायला माझं तोंड उघडलंही होतं.

"मैंने," मिस्त्री म्हणाले. "ला, इकडे दे."

ते पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. तुकडा मांडीवर घेतला, भाऊंनी घेतला होता तसा. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी बघत होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. अंगठा कडेवरून फिरत होता.